२४ तासांचं बीपी मशीन लावलं, अप्पांचा आणि माझा अनुभव

कॉलेज रोडच्या एका लॅबमधून अप्पांना, वय ७१, हे मशीन लावून आणलं. झालं असं की जॉगिंग ट्रॅकवरच्या त्यांच्या ग्रुपात कुणीतरी सांगितलं बीपीची गोळी रात्रीच घ्यायची, अटॅकचा धोका निम्म्यावर येतो, आणि अप्पांनी कुणाला न विचारता सकाळची गोळी रात्रीवर ढकलली पण!

डॉक्टर म्हणाले, हे आलं स्पेनमधल्या २०१९ च्या एका अभ्यासातून, त्यावर नंतर बऱ्याच शंका निघाल्या, पुढे ब्रिटनमध्ये २१ हजारांवर लोकांवर तपासलं, २०२२ ला निकाल आला, गोळी सकाळी घ्या नाहीतर रात्री, अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक नाही. विसरणार नाही ती वेळ धरा. फक्त लघवीची गोळी असेल तर सकाळी, नाहीतर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या. पण तुमचं बीपी झोपेत उतरतं का ते बघू, म्हणून मशीन.

तर दंडाला पट्टा, कमरेला डबी. दिवसा दर २० मिनिटांनी, रात्री अर्ध्या तासाने फुगतो आणि तेवढा वेळ हात हलवायचा नाही. नेमका भाजी घेताना फुगला, अप्पा हातात मेथीची जुडी धरून पुतळ्यासारखे उभे, भाजीवाल्या मावशींना वाटलं भाव पटला नाही, त्यांनी पाच रुपये कमी केले 😄 रात्री मात्र झोपेचं खोबरं. आंघोळ करायची नाही हे लॅबवाल्यांनी आधी सांगितलंच नाही, पट्ट्याचं वेलक्रो पण झिजलेलं, दोनदा सुटलं.

रिपोर्ट मात्र कामाचा. झोपेत बीपी साधारण १० ते २० टक्के उतरायला हवं, अप्पांचं दिवसाचं वरचं सरासरी १३८ आणि रात्रीचं १३२, म्हणजे जेमतेम ४ टक्के. क्लिनिकमध्ये सकाळी ११ ला मोजून हे कधी कळलंच नसतं. मला वाटलं आता गोळीची वेळ बदलणार, तर डॉक्टरांनी आईला विचारलं हे घोरतात का, झोपेत श्वास अडकत असेल तरी बीपी उतरत नाही म्हणे. आईने जे सुरू केलं ते दहा मिनिटं. आता झोपेची टेस्ट करायचीय, मशीनमुळे झोपच नीट झाली नसेल तरी आकडा असा येतो म्हणे, म्हणून गोळी सध्या परत सकाळी चहाच्या आधी.

पंधराशे रुपये लागले. मशीनला ४ स्टार, लॅबला अडीच. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागून घ्या, कलर प्रिंटचे शंभर वेगळे लावतात.