केसांसाठी महिन्याला दोनशेच रुपये असतील तर: पुडी, बाटली, शिकेकाई, तेल

भाची यंदा पुण्यात होस्टेलला गेली. पाणी बोअरचं, केस कमरेपर्यंत, आणि दोन महिन्यांत फोन, मावशी केसांचा पार झाडू झालाय गं, काय घेऊ? सोबत अकरा वस्तूंचे स्क्रीनशॉट, बेरीज केली तर अडीच हजारच्या वर, आणि हिचं बजेट महिन्याला दोनशे. मग काय, मी बसले कॅल्क्युलेटर घेऊन, कारण या घरात किराण्याची यादी पण मीच करते.

आधी एक गोष्ट तिला सांगितली ती इथेही सांगते. केस टाळूच्या बाहेर आला की तो मेलेला असतो, त्याला "पोषण" वगैरे काही पोचत नाही. महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो म्हणजे हिच्या कमरेजवळचं टोक पाच-सहा वर्षं जुनं, ती सातवीत होती तेव्हा उगवलेलं. एवढी वर्षं टॉवेल, कंगवा, ऊन, क्षाराचं पाणी सोसलेली वस्तू आहे ती, आता फक्त झीज कमी करता येते. जाहिरातीतलं निम्मं इथंच गळून पडतं.

आता धुणं. शाम्पूची पुडी, बाटली की शिकेकाई? मला वाटायचं बाटली स्वस्त पडत असणार, मोठं पॅक आहे ना. आमच्या वाण्याकडे दोन रुपयांची पुडी साधारण सहा मिलीची, म्हणजे मिलीला ३३ पैसे. त्याच शाम्पूची १८० मिलीची बाटली दीडशेच्या आसपास, म्हणजे मिलीला ८० पैशांच्या वर! दुप्पटीहून जास्त, आणि आत तोच माल. पुड्यांचा धंदा मुळात वाढला तो बाटली न परवडणाऱ्या गिऱ्हाइकासाठी, तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी पुडीत शाम्पू विकला आणि त्यांचे चिरंजीव रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिक नावाचा शाम्पू काढला, पुढे सगळ्याच कंपन्या त्यात उतरल्या आणि दर खालीच राहिला. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, मागे बारीक अक्षरात मिली छापलेले असतात ते बघून भागाकार करा. आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू आणि केसांच्या तेलावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, तेव्हा जुन्या छापील किमतीवर हिशोब करू नका. पुडीचा तोटा एकच पण खरा, तो कचरा. ते प्लॅस्टिक कुणी भंगारवाला पण घेत नाही.

शिकेकाईबद्दल आमच्या आईचं मत तुम्हाला माहीतच असेल, सगळ्यांच्या आयांचं तेच असतं 😄 चांगली आहे, वाद नाही, तिच्यातल्या सॅपोनिन नावाच्या फेसाळ घटकामुळे तेल-मळ निघतो आणि धुतल्यावर केस अगदी कोरडे ठक्क होत नाहीत. पण स्वस्त? काष्ठौषधीच्या दुकानातून शेंगा आणा, रिठे, आवळकाठी, नागरमोथा आणा, मग गिरणीवाल्याच्या हातापाया पडा, कारण दळताना सगळी गिरणी खोकते. एवढं करून लांब केसांना एका न्हाण्याला तीस-चाळीस ग्रॅम लागतेच, म्हणजे आठ-दहा रुपये, तयार पुडा घेतला तर त्याहून जास्त. पुड्या दोन लागल्या तरी चार रुपये. शिवाय होस्टेलच्या बाथरूमबाहेर रांग लागलेली असताना केसांतला चोथा काढत कोण बसणार, आणि डोळ्यात गेली की विचारू नका. घरी रविवार मोकळा असेल, नळाचं पाणी असेल तर शिकेकाई, नाहीतर पुडी. अंगाचा साबण मात्र कुठल्याच बजेटमध्ये नको, बोअरच्या पाण्यात त्याचा चिकट साका केसांवरच बसतो.

पुडी मगभर पाण्यात फेसाळून टाळूवर ओतायची, टोकांना खाली ओघळणारा फेस पुरतो.

तेलात माझा कौल सरळ खोबरेलला. २००३ मध्ये एक अभ्यास आला होता, खनिज तेल, सूर्यफूल आणि खोबरेल तिघांची तुलना, त्यात केसातल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलने कमी झाली, कारण त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं, म्हणून आत शिरतं. अभ्यास करणारे मॅरिकोचेच होते, म्हणजे पॅराशूटवाले, ते लक्षात ठेवून वाचा, पण कारण पटण्यासारखं आहे. न्हाण्याआधी तासभर दोन चमचे, बास, चपचपीत नको. कोंडा असेल तर रात्रभर तेल मुळीच नको, कोंड्यामागच्या यीस्टला ते खाद्यच आहे, तिथे केटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू लागतो.

कांद्याचं तेल तिच्या यादीत पहिलं होतं, तीनशेच्या वर. २००२ च्या ज्या अभ्यासाच्या जिवावर हे चाललंय तो कच्च्या कांद्याच्या रसाचा होता, बाटलीतल्या तेलाचा नाही, आणि रुग्ण चाई पडलेले होते, म्हणजे गोल चट्ट्यात केस जातात ते. होस्टेलच्या झाडूशी त्याचा संबंध काय? बदाम-आवळा नावाच्या कित्येक तेलांत तर घटकांच्या यादीत पहिलंच नाव मिनरल ऑइल, म्हणजे तेच खनिज तेल. विष नाही ते, केस चकचकीत होतात, पण बदामाचे पैसे का द्यायचे.

शाम्पूत वाचवलेले पैसे मी कंडिशनरवर घालायला सांगितले आणि इथेच सगळ्यात जास्त फरक पडला. लांब केस गुंत्यात तुटतात, आणि कंडिशनर घर्षण कमी करतं. फक्त खालच्या अर्ध्या भागाला लावायचं, मग जाड दातांच्या कंगव्याने टोकापासून वर सोडवत जायचं. ओल्या केसांना टॉवेलने खसाखसा घासण्यापेक्षा जुना सुती टीशर्ट गुंडाळा. अंडं-दही लावणाऱ्यांना एवढंच की अंड्यातलं प्रथिन केसात शिरायला फार मोठं असतं, त्यापेक्षा खा. पार्लरमधली केस सरळ करायची केराटिन ट्रीटमेंट काही हजारांची, त्यातल्या काहींमध्ये फॉर्मॅल्डिहाइड हे घातक रसायन, विषय संपला.

शॉवरला लावायचा फिल्टर तिने विचारला. त्यातले बहुतेक क्लोरीन पकडतात, पाण्यातलं कॅल्शियम काढत नाहीत, मग बोअरला उपयोग काय? त्यापेक्षा शेवटचा एक तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. आरओचं वाया जाणारं पाणी नको, त्यात क्षार उलट जास्त असतात.

हे सगळं तुटणाऱ्या केसांचं झालं. मुळापासून गळत असतील तर गणित वेगळं. दिवसाला ५० ते १०० जाणं नॉर्मल. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, कडक डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ जातात आणि बहुतेकदा आपोआप थांबतात. न थांबले तर तेलाचे तीनशे हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला ठेवा. बायोटिनच्या (केसांसाठी म्हणून खपणारं एक ब जीवनसत्त्व) गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी थायरॉइडचाच रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. भांग रुंद होत चालला असेल तर मिनॉक्सिडिल हे केस वाढवणारं औषध हा खरा पर्याय, पण डॉक्टरला विचारून, फरक दिसायला चार-सहा महिने, आणि थांबवलं की कमावलेलं जातं, म्हणजे तो खर्च कायमचा धरा.

भाचीचा हिशोब असा बसला: पुड्यांना साधारण ३५ रुपये, कंडिशनरची छोटी बाटली ९०, खोबरेल ६०. उरले पंधरा. त्यात दोन अंडी येतात, खायला.