खरा आकडा कोणाकडे? पॅरेंट आणि चाइल्ड कंपोनंट एकमेकांशी कसे बोलतात, आणि आपण काय निवडावं

देवगडला माझ्या मामाची हापूसची कलमं आहेत. मार्च उजाडला की त्याचा फोन खणखणायला लागतो तो मे संपेपर्यंत थांबत नाही. त्याला मी रिॲक्टमध्ये (पडदे बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) एक छोटं ऑर्डर-ॲप करून दिलं. पान अगदी साधं आहे. वर गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता, मध्ये चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी अशा पेट्यांच्या ओळी, प्रत्येक ओळीत अधिक-उण्याची बटणं, आणि तळाला एकूण पेट्या व रक्कम. पडद्याचा असा प्रत्येक स्वतंत्र तुकडा म्हणजे कंपोनंट; दुसऱ्यांना पोटात घेणारा तो पॅरेंट, पोटातला तो चाइल्ड. पान हा पॅरेंट. पेटीची प्रत्येक ओळ हा चाइल्ड, आणि तळाची बेरीज हाही चाइल्डच.

एप्रिलच्या ऐन गर्दीत मामाचा फोन आला. "वरचो आकडो एक, खालचो दुसरो. खरो खंयचो?" ओळीत तीन पेट्या दिसत होत्या आणि बेरीज पाच सांगत होती. फोन येईपर्यंत ओळीवर विश्वास ठेवून बांधलेल्या तीन पेट्या रात्रीच्या गाडीने निघूनही गेल्या होत्या. मुंबईच्या गिऱ्हाइकाला दोन पेट्या कमी पोचल्या. चूक पूर्णपणे माझ्या कोडची होती.

तेव्हापासून कुठलाही पडदा लिहायला बसलो की आधी मामाचाच प्रश्न विचारतो: खरा आकडा कोणाकडे आहे? तुम्ही नवं ॲप सुरू करत असाल आणि प्रॉप्स, रेफ, कॉन्टेक्स्ट, स्टोअर (हे सगळे पुढे एकेक करून येतात) यांतलं काय कुठे वापरायचं हे ठरत नसेल, तर पुढचं सगळं त्या एका प्रश्नावर तोलून लिहिलं आहे.

आकडा खाली, खबर वर

पहिला मार्ग सगळ्यात जुना आणि माझ्या मते नव्वद टक्के ठिकाणी पुरेसा. आकडा पॅरेंटकडे राहतो. चाइल्डला तो प्रॉप म्हणून, म्हणजे वरून दिलेलं मूल्य म्हणून मिळतो, फक्त दाखवण्यापुरता. बटण दाबलं की चाइल्ड स्वतः काही बदलत नाही, पॅरेंटने दिलेला कॉलबॅक (खबर द्यायचं फंक्शन) हाकारतो: "पाच डझनीत एक वाढवा म्हणतायत." पॅरेंट आकडा बदलतो आणि नवा आकडा पुन्हा खाली येतो. रिॲक्ट 2013 साली खुलं झालं ते याच एकेरी वाहतुकीचा आग्रह धरून. अँग्युलर, व्ह्यू, फ्लटर ही ॲप बांधायची दुसरी फ्रेमवर्कं. अँग्युलरमध्ये यालाच इनपुट आणि आउटपुट म्हणतात, व्ह्यूमध्ये प्रॉप आणि एमिट. फ्लटरमध्ये कन्स्ट्रक्टरमधून आकडा आणि कॉलबॅक दोन्ही देतात. नावं वेगळी, व्यवहार एकच.

मग माझं चुकलं कुठे? ओळीला प्रॉप मिळत होता, पण मी तो ओळीच्या आत यूजस्टेटमध्ये, म्हणजे ओळीच्या स्वतःच्या आठवणीत (स्टेटमध्ये), घालून ठेवला होता. बटणं पटापट चालावीत म्हणून. यूजस्टेटला दिलेला सुरुवातीचा आकडा रिॲक्ट एकदाच वाचतं, कंपोनंट पहिल्यांदा पडद्यावर येतो तेव्हा. मामाने आधी एका गिऱ्हाइकाची तीन पेट्यांची ऑर्डर उघडली, मग दुसऱ्याची पाचची. पान तेच, ओळ त्याच जागी, कंपोनंटही त्याच प्रकारचा. त्यामुळे रिॲक्टने जुनीच ओळ कायम ठेवली आणि तिच्या पोटातले तीनही तसेच राहिले. बेरीज मात्र थेट पॅरेंटकडून आकडा घेत होती, म्हणून ती बरोबर होती. एकाच गोष्टीच्या दोन प्रती झाल्या की त्यातली एक कधीतरी शिळी होतेच.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येते. ओळीतली स्टेट काढून टाका आणि प्रॉपच दाखवा, हा सरळ उपाय. किंवा ऑर्डरचा क्रमांक आणि पेटीचा प्रकार मिळून ओळीला की (ओळखखूण) द्या. की बदलली की रिॲक्ट जुनी ओळ टाकून नवी उभी करतं. मी पहिला उपाय केला. माझं ठाम मत आहे की प्रॉप बदलला की यूजइफेक्टमधून (रेंडर झाल्यावर चालणारा कोड) स्टेट जुळवून घेण्याचा तिसरा उपाय, जो पुष्कळ ठिकाणी दिसतो, तो टाळावा. त्यात एक रेंडर (पडदा रंगवण्याची फेरी) जुना आकडा दाखवूनच पुढे जातो आणि दोन प्रती आहेत त्या राहतातच.

इथे एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. मामा कधीकधी बटणं न दाबता आकडा टाइप करतो. तीनचे बारा करायचे तर आधी तीन पुसायचे. त्या क्षणी टाइप करायचा खोका रिकामा असतो. पॅरेंटला संख्याच हवी असेल, तर रिकाम्या खोक्याचं लगेच शून्य होतं, बेरीज शून्यावर येते आणि मामा दचकतो. अर्धवट टाइप केलेला मजकूर हा अजून ऑर्डरचा आकडाच नसतो. तो त्या खोक्याचा खाजगी मामला आहे. म्हणून तो चाइल्डच्या स्वतःच्या स्टेटमध्ये ठेवावा आणि बोट खोक्याबाहेर गेलं की पक्की संख्या वर कळवावी. यादी उघडी आहे की मिटलेली, बोट कुठल्या ओळीवर आहे, हेही असंच. पॅरेंटला ज्याच्याशी देणंघेणं नाही ते वर नेऊ नका.

या मार्गाची तक्रार सगळे एकच करतात: पान, त्यात विभाग, त्यात यादी, त्यात ओळ, आणि मधल्या दोघांना काहीही कारण नसताना प्रॉप हातोहात पुढे द्यावे लागतात. तक्रार खरी आहे. पण त्यावर लगेच कॉन्टेक्स्ट किंवा स्टोअरकडे धावण्याआधी एक उपाय करून बघा, जो फार कमी लोक वापरतात. मधल्या विभागाला आतलं सामान बाहेरून द्या. म्हणजे विभागाने ओळी स्वतः बनवायच्या नाहीत. पानच ओळी बनवतं आणि विभागाच्या पोटात ठेवतं. रिॲक्टमध्ये चिल्ड्रन, व्ह्यूमध्ये स्लॉट, फ्लटरमध्ये चाइल्ड पॅरामीटर. विभागाचं काम चौकट आणि मथळा एवढंच उरतं आणि आकडा पानाकडून थेट ओळीकडे जातो. माझ्या पानावर चार मजले होते, या एका बदलाने आकड्याच्या दृष्टीने दोनच उरले.

दुहेरी बांधणी

व्ह्यूमधलं व्ही-मॉडेल वापरलेल्या माणसाला पहिला मार्ग लांबलचक वाटतो. पॅरेंटचा आकडा आणि चाइल्डचा खोका एका शब्दात जोडला जातो, कुठेही बदला, दोन्हीकडे बदलतो. पण आत डोकावलं तर व्ह्यू 3 मध्ये तो एक प्रॉप आणि एक इव्हेंटच आहे, फक्त लिहिणं वाचलेलं. म्हणजे मालक अजून पॅरेंटच. म्हणून फॉर्म भरपूर असतील तर मी व्ही-मॉडेल निःशंकपणे सुचवतो.

खरीखुरी दुहेरी बांधणी जुन्या अँग्युलरजेएसमध्ये होती. तिथे एका बदलाने दुसरा, दुसऱ्याने तिसरा असं सुरू झालं की फ्रेमवर्क सगळं शांत होईपर्यंत फेऱ्या मारत बसायचं आणि दहा फेऱ्यांत शांत झालं नाही तर त्रुटी देऊन थांबायचं. कुठून काय बदललं हे शोधणं त्यात फार जड जायचं.

व्ह्यूमध्ये एक खाचखळगा लक्षात ठेवा. चाइल्डने प्रॉपच बदलायला घेतला तर इशारा मिळतो. पण प्रॉप म्हणून अख्खी ऑर्डर दिली आणि चाइल्डने तिच्या आतला पेट्यांचा आकडा बदलला, तर तो बदल मुकाट्याने होतो आणि पॅरेंटकडची ऑर्डरही बदलते. आकडा एकच राहतो हे खरं, पण तो कोणी हलवला ते कळत नाही. म्हणून शक्यतो ऑब्जेक्ट न देता लागेल तेवढा आकडा द्या.

थेट हात घालणं

पॅरेंटने चाइल्डला पकडून "हे कर" म्हणणं. रिॲक्टमध्ये रेफ, अँग्युलरमध्ये व्ह्यूचाइल्ड, फ्लटरमध्ये ग्लोबलकी. मी याची एक साधी परीक्षा लावतो: मला सांगायची गोष्ट क्रियापद आहे की आकडा? फोन नंबर चुकला तर त्या खोक्यावर फोकस नेणं, यादी तळापर्यंत सरकवणं, व्हिडिओ चालू करणं, ही क्रियापदं. ती प्रॉपमध्ये बसत नाहीत. "फोकस कर" हा प्रॉप एकदा खरा केला की पुन्हा खोटा कधी करायचा हा नवा घोळ सुरू होतो. अशा वेळी रेफच योग्य. पण रेफ धरून चाइल्डच्या पोटातला आकडा वाचायचा किंवा बदलायचा मोह झाला, तर समजा आकडा चुकीच्या जागी ठेवला आहे.

फ्रेमवर्कवाल्यांनाही हे दार किलकिलंच ठेवायचं आहे, हे बघण्यासारखं आहे. व्ह्यू 3 च्या स्क्रिप्ट सेटअपमध्ये (कंपोनंट लिहायची एक पद्धत) चाइल्ड मुळात बंद असतो, जे बाहेर द्यायचं ते डिफाइनएक्स्पोजने मुद्दाम सांगावं लागतं. रिॲक्टमध्ये यूजइम्परेटिव्हहँडल वापरून फक्त "फोकस कर" एवढीच एक चावी बाहेर देता येते. फ्लटरमध्ये ग्लोबलकीपेक्षा कंट्रोलर बरा. टेक्स्टएडिटिंगकंट्रोलर किंवा स्क्रोलकंट्रोलर पॅरेंट बनवतो आणि खाली देतो. फक्त काम झालं की तो डिस्पोज, म्हणजे मोकळा, करायला विसरू नका.

उलट बाजूने, चाइल्डने वर हात घालून पॅरेंटला पकडणं, हे मी कधीच सुचवणार नाही. ती ओळ मग दुसऱ्या कुठल्याही पानावर चालत नाही. मामाची पेटीची ओळ नंतर मला पावतीच्या पानावरही लागली, आणि ती कोणालाच ओळखत नव्हती म्हणून दहा मिनिटांत बसली.

लांबच्यांशी बोलायचं तर

काही गोष्टी पडद्यावरच्या प्रत्येकाला लागतात. भाषा, लॉगिन, रंगसंगती. त्यासाठी रिॲक्टचा कॉन्टेक्स्ट, व्ह्यूचं प्रोव्हाइड-इंजेक्ट, फ्लटरचं इनहेरिटेडविजेट. वरचा एक जण ठेवतो, खाली कोणीही कितीही खोलवरून घेतो. क्वचित बदलणाऱ्या गोष्टींना हे उत्तम. पेट्यांचा आकडा मात्र इथे ठेवू नका. रिॲक्टमध्ये कॉन्टेक्स्टचं मूल्य बदललं की तो वाचणारे सगळे कंपोनंट पुन्हा रेंडर होतात, आणि रेंडर करतानाच नवा ऑब्जेक्ट बनवून दिला तर काही न बदलताही होतात.

स्टोअर (पानांच्या बाहेर ठेवलेला सामाईक साठा), म्हणजे रिडक्स, पिनिया, एनजीआरएक्स वगैरे, त्या गोष्टींसाठी ज्यांचा मालक कुठलंच पान नाही. मामाच्या बागेत सड्यावर नेटवर्क येतं-जातं. त्याने घेतलेल्या पण अजून सर्व्हरला न पोचलेल्या ऑर्डरी त्याने पान बंद केलं तरी जिवंत राहिल्या पाहिजेत. त्या कोणत्या पॅरेंटच्या? कोणाच्याच नाहीत. म्हणून त्या स्टोअरमध्ये, आणि तिथून फोनच्या साठ्यात. पण "पुढेमागे ॲप मोठं होईल" या भीतीने पहिल्या दिवशीच सगळं स्टोअरमध्ये टाकलेलं मी पाहिलं आहे. मग पेटीची एक ओळ वाचायला तीन फायली उघडाव्या लागतात.

वेगाचा प्रश्न नेहमी निघतो. आकडा वर ठेवला तर प्रत्येक टिचकीला अख्खं पान रेंडर होईल ना? होईल. दहा-बारा ओळींना मामाच्या साध्या फोनवरही ते जाणवत नाही. शेकडो गिऱ्हाइकांची यादी असेल आणि अडखळलं, तर आधी मोजा, मग तेवढ्या ओळी मेमोने (प्रॉप तेच असतील तर पुन्हा रेंडर टाळायची सोय) अडवा.

क्यूटी या लायब्ररीत डेस्कटॉपचं काम करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. तिथे पॅरेंट या शब्दाचा अर्थ वेगळा आहे: पॅरेंट नष्ट झाला की चाइल्डही नष्ट होतात. बोलणं सिग्नल (घडल्याची खबर) आणि स्लॉटमधून (ती ऐकणारं फंक्शन) होतं, त्याला नातं लागतही नाही. वेबवरून तिकडे गेलेल्या माणसाला दोन्ही एकच वाटतात आणि घोळ होतो.

आंब्याच्या भावाचं काय

पान सुधारल्यावर मी मामासोबत ओटीवर बसून कागदावर पडदा काढला आणि प्रत्येक आकड्याशेजारी लिहिलं: हा कोण बदलतो? पेट्या पानाकडे, अर्धवट टाइप केलेलं ओळीकडे, भाषा कॉन्टेक्स्टमध्ये. भावापाशी अडलो. भाव रोज वाशीच्या बाजाराप्रमाणे हलतो, तो एका जागी असतो, सगळ्या ओळी तिथूनच वाचतात. मी उत्साहाने म्हटलं, जुन्या ऑर्डरींनाही तिथूनच वाचू दे, प्रत करायची नाही. मामा लगेच म्हणाला, "काल सांगितलेलो भाव तो सांगितलेलो. तो बदलूचो नाय."

त्याचं बरोबर होतं. आजचा भाव आणि कालच्या ऑर्डरीत कबूल केलेला भाव हे दोन वेगळे आकडे आहेत, दिसायला सारखे असले तरी. दोघांचे मालकही वेगळे. म्हणून ऑर्डर पक्की होताना भाव ऑर्डरीत उतरवून घेतला जातो आणि मग वरचा भाव कितीही हलला तरी तिथे पोचत नाही. पेटीच्या ओळीत मी केलेली प्रत चूक होती, ही प्रत मुद्दाम ठेवलेली आहे, आणि कोडमध्ये तिच्या शेजारी मी मामाचं ते वाक्य जसंच्या तसं टिपून ठेवलं आहे.