लष्करातील जुन्या घराचे धुराडे आणि माझे ४५ हजार रुपये

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात चुना-विटांची जुनी घरे अजूनही ज्यांच्याकडे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. गेल्या जूनमध्ये धुराडे पाडून देतो म्हणत दारात आलेल्या दोघांनी आम्हाला फसवले. असे पावसाळ्याच्या तोंडावर कोणाच्याही घरी घडू शकेल. त्यात माझा स्वतःचा गाढवपणा किती होता, हेही लपवणार नाही.

घर आजोबांनी बांधलेले आहे. स्वयंपाकघरातील चुलीचे धुराडे वरच्या खोलीच्या भिंतीतून चढून गच्चीवर आठेक फूट उंच गेलेले होते. घरात गॅस आल्यापासून, म्हणजे निदान चाळीस वर्षे, त्यातून धूर गेलेला नव्हता. वरच्या तीन-चार थरांच्या दरजांमधला, म्हणजे विटांच्या सांध्यांमधला, चुना झडला होता, दर पावसाळ्यात काजळीचे काळे पाणी ओट्यामागच्या भिंतीवर उतरत असे आणि यंदा तरी याचे काहीतरी करा, असे सौ. दर वर्षी बजावत असे. धुराडे खराब आहे, हे त्या माणसांनी सांगितलेले खरेच होते. म्हणूनच पुढचे खोटे मला ऐकू आले नाही.

मोटारसायकलवरून दोघे आले. पलीकडच्या गल्लीत आमचे काम चालू आहे, तुमचे धुराडे रस्त्यावरून कललेले दिसले, म्हणून माणुसकीच्या नात्याने सांगायला आलो, असे त्यांतल्या वयस्काचे म्हणणे होते. "बाबूजी, पहली बारिश नहीं झेलेगी," हे त्याने इतक्या हळू आवाजात सांगितले की मीच घाबरून त्यांना गच्चीवर घेऊन गेलो. तिथे त्याने खिशातून ओळंबा काढला, शिडीवर चढून दोरी वरून सोडली आणि खाली भिंत व ओळंब्याचा लट्टू यांत पडलेले तीन इंचांचे अंतर मला स्वतःच्या हाताने मोजायला लावले. दोरी त्याने माथ्याजवळच्या कंगोऱ्यावरून सोडली होती आणि तो कंगोरा मुळातच तीन इंच पुढे काढलेला होता, हे मला पुढे आठ दिवसांनी कळले. त्याने मोबाईलवर काढून दाखवलेल्या फोटोत विटा सुटलेल्या दिसत होत्या, पण त्यांच्या दरजा करड्या होत्या. करडी दरज म्हणजे सिमेंट. आमच्या घरात सगळा चुना आणि सुरखी (विटांची भुकटी), म्हणजे तो फोटो दुसऱ्याच कोणत्या तरी घराचा होता. जन्म या घरात गेला, पण तेवढे माझ्या लक्षात आले नाही.

धुराडे मुळापासून काढून देण्याचे ३८ हजार ठरले. इसार म्हणून २० हजार त्यांनी रोख मागितले, कारण यूपीआयची आजची मर्यादा संपली होती म्हणे. छापील कोटेशनवर जीएसटी क्रमांक होता, त्यामुळे मी निर्धास्त झालो. तो क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि मध्य प्रदेशातील नोंदणीचा असेल तर २३ ने सुरू होतो. यांचा ०९ ने, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या अंकाने, सुरू होत होता आणि मोजला तर १४ च अक्षरे भरली. अर्थात मोजला तो नंतर.

काम त्यांनी खालून सुरू केले. स्वयंपाकघरातले चुलीवरचे बांधकाम दोन दिवसांत फोडले, साबूत विटा टेम्पोत भरून नेल्या आणि डबर मात्र आमच्या अंगणात ओतले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला त्या भगदाडाखाली उभे करून वर टॉर्च मारला. वरच्या खोलीतले आणि गच्चीवरचे सगळे धुराडे आता एका जुन्या दगडी पट्टीवर तोललेले होते. गर्डर टाकल्याशिवाय रात्र काढणे धोक्याचे आहे, त्याचे ५५ हजार वेगळे लागतील, असे त्याने शांतपणे सांगितले. या वेळी तो खोटे बोलत नव्हता, कारण तो धोका त्याने स्वतःच तयार केला होता. मी घरातले २५ हजार काढून दिले. सकाळी त्यांनी एक गंजका गर्डर आणून भिंतीला टेकवला, वेल्डरला घेऊन येतो म्हणून ते गेले आणि दुपारनंतर फोन बंद.

शेजारी सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेले एक अभियंता काका राहतात. त्यांना आधीच का विचारले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही. त्यांनी आल्या आल्या स्वयंपाकघर रिकामे करवले, बाजारातून लाकडी बल्ल्या मागवून त्या पट्टीखाली ठोकल्या आणि मग बोलायला सुरुवात केली. धुराड्याचे पाडकाम नेहमी माथ्यापासून थराथराने खाली यायचे असते, कारण वरचा भार खालच्या बांधकामावर असतो. आमच्या धुराड्याचा गच्चीवरचा भागच दोन टनांच्या घरात असावा, असा त्यांचा अंदाज होता. मुळात काढण्याची गरजच नव्हती. काजळीतील गंधकाचे क्षार आणि पावसाचे पाणी मिळून दरजांमधला चुना खातात, म्हणून वरचे चार थर उतरवून चुना-सुरखीत पुन्हा रचायचे, माथ्यावर दगडी फरशीचे झाकण बसवायचे आणि कडेने हवेला वाट ठेवायची, एवढेच पुरले असते. तिथे सिमेंटचा गिलावा करू नका, असेही त्यांनी बजावले, कारण आत शिरलेली ओल सिमेंट बाहेर पडू देत नाही आणि मऊ जुन्या वीटेचा पापुद्रा सुटू लागतो.

आता अर्धे फोडलेले धुराडे ठेवण्यात अर्थ नव्हता. ओळखीच्या मिस्त्रीने परांची बांधून चार दिवसांत ते वरून खाली उतरवले आणि त्याचा खर्च वेगळा झाला. ठाण्यात अर्ज दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, पण तक्रारीत समोरच्याचे नाव-पत्ता लिहावा लागतो. कोटेशनवरील पत्त्यावर मी स्वतः जाऊन आलो, तिथे पिठाची गिरणी आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही पहिला प्रश्न पावतीचाच आला, आणि ४५ हजारांपैकी एका रुपयाचीही पावती माझ्याकडे नव्हती.

तो गर्डर काकांनी टेप लावून मोजला. भगदाड साडेचार फुटांचे होते आणि गर्डर चार फुटांचा. दोन्ही बाजूंना भिंतीवर टेकायचे सोडाच, तो मध्येच खाली पडला असता. भंगारवाला दोनदा विचारून गेला, पण पोलिसांना दाखवायला लागेल म्हणून तो अजून तुळशीवृंदावनाशेजारी तसाच पडून आहे.