झेड८८डीके आणि स्पेक्ट्रम: एका केबीला सहा सेकंद

नव्या फोनला हेडफोनचं भोक नाही. आजकाल बहुतेक फोनना नसतं आणि कुणाचं काही अडतही नाही. माझं अडतं. माझ्याकडे जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यात प्रोग्राम जातो तो आवाजाच्या रूपात, पूर्वी कॅसेटच्या टेपवरून. जुना फोन होता तोवर प्रोग्रामची वेव्ह फाइल करायची, वायर खोचायची, वाजवायची, झालं. नव्या फोनसाठी गल्लीतल्या दुकानातून सी-टाइपचा कन्व्हर्टर आणला. गाणी सुरेख वाजतात. स्पेक्ट्रमला मात्र तो आवाज पुरत नाही. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे थरथरतात, निळे-पिवळे आले तर येतात, आणि मग ‘आर टेप लोडिंग एरर’. कन्व्हर्टर परत करायला गेलो. दुकानदाराने स्वतःचा हेडफोन लावला, एक गाणं अर्धं ऐकलं आणि म्हणाला, “साहेब, वाजतंय की. पीस ओके आहे. कॉम्प्युटरला चालेल असं पॅकेटवर कुठे लिहिलंय?” पॅकेटवर काहीच लिहिलेलं नव्हतं. पैसे गेले.

तर या निमित्ताने, पावसाळ्यापासून वापरत असलेल्या झेड८८डीकेबद्दल लिहितो. स्पेक्ट्रम म्हणजे काय हे सांगत बसत नाही. एवढंच, की सर क्लाइव्ह सिंक्लेअरचं हे १९८२ चं मशीन आपल्याकडे १९८६ च्या सुमारास पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन बनवलं. म्हणजे माझ्या टेबलावरचा डबा पुणेकर आहे. झेड८८डीके हा स्पेक्ट्रममधल्या झेड८० प्रोसेसरसाठीचा संच: सी भाषेतला प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा कंपायलर, असेंब्लर आणि तयार कोडाच्या लायब्ऱ्या. फुकट आहे आणि अजून त्यावर काम चालू आहे. प्रोग्राम लॅपटॉपवर लिहायचा, तिथेच कंपाइल करायचा आणि तयार झालेली टॅप फाइल (टेपवर जायचा माल) फ्यूज एम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली स्पेक्ट्रमवर, चालवून बघायची. एम्युलेटरवर सगळं क्षणात होतं. म्हणूनच एम्युलेटरवाले जे परीक्षण लिहितात ते माझ्या उपयोगाचं नसतं.

खऱ्या मशीनवर हिशेब वेगळा. टेपवर शून्य हा बिट ८५५ घड्याळ-ठोक्यांच्या दोन स्पंदांचा असतो आणि एक हा १७१० च्या दोन स्पंदांचा. घड्याळ साडेतीन मेगाहर्ट्झचं. दोन्ही सारखेच आले असं धरलं तर १ केबीला ६ सेकंद लागतात. त्याआधी प्रत्येक हेडरला (पुढे काय येणार ते सांगणाऱ्या छोट्या तुकड्याला) ५ सेकंदांची नुसती शिट्टी आणि मूळ मालाला २ सेकंदांची. शिवाय झेड८८डीके आपल्या प्रोग्रामपुढे बेसिक भाषेतला छोटा लोडर (मूळ प्रोग्राम आत ओढून घेणारा) लावतो, म्हणजे हे सगळं दोनदा. प्रोग्राम रिकामा असला तरी पंधरा सेकंद बसा. टेपऐवजी एसडी कार्डावरून प्रोग्राम भरणारी डिव्हएमएमसी पाटी घेतली की ही भानगड मिटते, हे मला चारचौघांनी सांगून झालंय. ती पाटी मशीनपेक्षा महाग पडते. नाही घेणार.

त्यामुळे माझ्या लेखी कंपायलरची परीक्षा एकच: टेप किती लांब होते? आणि इथे पहिला शत्रू प्रिंटएफ, सीमधलं छापायचं फंक्शन. पुस्तकातल्या पहिल्याच धड्यातली ती निरागस ओळ लिहिली की फॉरमॅट वाचणारा कोड, पडद्याचा टर्मिनल ड्रायव्हर अशी सगळी वरात मागून येते. नमस्कार छापायला काही केबी! कोणते फॉरमॅट हवेत ते प्राग्मा (कंपायलरसाठीची सूचना) लिहून कमी करता येतात, त्याने वरात थोडी घटते. खरा उपाय म्हणजे संचातल्या जुन्या-नव्यापैकी नवी लायब्ररी घेऊन कंपाइल करताना ‘स्टार्टअप ३१’ हा पर्याय द्यायचा. त्यात छापणं आणि टंकणं यांची कुठलीच तयार सोय जोडली जात नाही. पडद्यावर आपणच लिहायचं.

ते वाटतं तितकं अवघड नाही. पडदा १६३८४ या पत्त्यापासून ६१४४ बाइट, त्यानंतर रंगांचे ७६८. ओळींचा क्रम विचित्र आहे, पण एका अक्षराच्या चौकटीत खालची रेघ नेमकी २५६ बाइट पुढे असते. आठ वेळा फिरणारा लूप, संपलं.

आता मी करतोय काय तर पावकी-निमकीचं, म्हणजे अपूर्णांकांच्या पाढ्यांचं, प्रश्नमंजुषेसारखं यंत्र, भाचीसाठी. (तिला फारसा रस नाही. वडील मात्र रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसतात. त्यांना पाऊणकीसुद्धा पाठ आहे आणि मशीनने विचारायच्या आत उत्तर देतात.) पहिल्यांदा वाटलं अपूर्णांक आहेत तर फ्लोट (सीमधल्या दशांश संख्या) लागेल. फ्लोट घेतला की गणिताची लायब्ररी टेपवर चढते. मग सगळं पावांत मोजायचं ठरवलं. पावकी १, निमकी २, पाऊणकी ३, सवायकी ५, दिडकी ६. सहा बाइटसुद्धा नाहीत, पाचच. पावकी सात म्हणजे सात पाव. दोन बिट उजवीकडे सरकवले की पूर्णांक १, खालचे दोन बिट उरले ते ३. उत्तर पावणेदोन.

आणि छापायचं जुन्या पद्धतीने: १॥।. जेवढे पाव उरले तेवढे दंड. मोडीच्या जमान्यातल्या कारकुनाने जणू स्पेक्ट्रमसाठीच ही सोय करून ठेवली होती. पाव, अर्धा, पाऊण यांची वेगळी चिन्हं नकोत. दहा अंक आणि एक दंड, ११ चित्रं, प्रत्येकी ८ बाइट, मिळून ८८. टेपवर अर्धा सेकंद! खरं तर अर्ध्याहून कमी, कारण अंकांच्या चित्रात शून्यंच जास्त.

हे शून्याचं प्रकरण डोक्यात बसलं ते निघेना. शून्याला एकच्या निम्मा वेळ लागतो. म्हणजे सुरुवातीला दाखवायचं ६९१२ बाइटांचं चित्र सगळं शून्यांचं असेल तर २७ सेकंदांत येतं आणि सगळं एकांचं असेल तर ५४ मध्ये. मी चित्रच काढून टाकलं. झेडएक्स० या फाइल दाबणाऱ्या साधनाने दाबून पाठवता आलं असतं, त्याचा उलगडा करणारा कोड सत्तरेक बाइटांचाच आहे, पण मग चित्र हळूहळू उमटताना दिसत नाही. ते दिसण्यातच तर गंमत असते, मग दाबायचं कशाला. असंच मोठ्या अ‍ॅरेचं (प्रोग्राममधल्या किमतींच्या यादीचं): नुसता जाहीर करून ठेवला तर तो टेपवर जात नाही, मशीनवर सुरू होताना शून्याने भरला जातो. जाहीर करतानाच किंमत दिली तर अख्खा टेपवर. ही एक गोष्ट कळल्यावर माझी टेप झटक्यात उतरली.

कंपायलर कुठला, यावर माझं मत मधल्या काळात पालटलं. संचात दोन आहेत: एसडीसीसी या कंपायलरची सुधारलेली आवृत्ती आणि स्मॉल-सी या जुन्या कंपायलरच्या घराण्यातला एससीसीझेड८०. सुरुवातीला मीही सगळ्यांसारखा एसडीसीसीवाला. त्याला ‘मॅक्स अ‍ॅलॉक्स’ हा पर्याय दोन लाखांवर ठेवून सोडलं की तो रजिस्टरांच्या (प्रोसेसरमधल्या मोजक्या जागांच्या) वाटपाचा इतका विचार करतो की एवढ्याशा फाइलला लॅपटॉपचा पंखा गरगरायला लागतो. कोड मात्र वेगवान निघतो. गेम लिहिणाऱ्याने तोच घ्यावा. पण माझं यंत्र बहुतेक वेळ किल्ली दाबण्याची वाट बघत बसतं. वेग मला काय कामाचा? एक दिवस कंटाळून दुसरा लावला. कंपाइल चुटकीसरशी झालं आणि माझ्या प्रोग्रामची फाइल लहान निघाली. छोटी-छोटी कामं तो लायब्ररीतल्या तयार तुकड्यांना बोलावून करून घेतो, म्हणून मंद पण आटोपशीर. तेव्हापासून तोच. एकच पॅरामीटर असलेल्या फंक्शनना ‘फास्टकॉल’ लावलं की किंमत थेट रजिस्टरातून जाते आणि स्टॅकची (मेमरीतल्या तात्पुरत्या चळतीची) ढकलाढकल वाचते, तेवढंही करतो.

कागदपत्रांबद्दल मात्र चांगलं लिहिता येत नाही. दोन कंपायलर, जुनी-नवी लायब्ररी, त्यात आयएक्स-आयवाय रजिस्टरांचे पोटभेद. कोणतं उदाहरण कशासाठी आहे हे ताडून बघण्यातच संध्याकाळ जाते. फोरमवरचं जुनं उत्तर आज लागू पडेलच असं नाही. नवख्याने आधी चालणारं एखादं छोटं उदाहरण पकडावं आणि त्याची कमांड जशीच्या तशी जपून ठेवावी.

आवाजाचा प्रश्न सुटला तो फुकटात. डेस्कटॉपचे जुने वायरवाले स्पीकर होते, त्यांच्या पुढच्या बाजूला हेडफोनचं भोक आहे. कन्व्हर्टरचा बारीक आवाज स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून जातो आणि त्या भोकातून स्पेक्ट्रमला मोठा मिळतो. बटण तीन-चतुर्थांशावर, फोन एअरप्लेन मोडवर. एअरप्लेन मोड विसरायचा नाही. लोडिंगच्या शेवटच्या सेकंदाला कुणाचा तरी ‘शुभ संध्याकाळ’ टुणकन वाजतो आणि स्पेक्ट्रम तोही बिट म्हणून गिळतो. दुकानदाराला हे सांगायला गेलो नाही, कारण तो म्हणणार, बघा, पीस ओकेच होता.

वडिलांची सध्या औटकीची मागणी आहे. म्हणजे साडेतीन, माझ्या हिशेबात १४ पाव. यादीत एकच बाइट वाढतो. पण बाकीचे पाढे तीसपर्यंत आहेत, दिडकी तीसला १८० वर थांबते आणि एका बाइटात (२५५ पर्यंत) मावते. औटकी तीसला ४२० होतात. उत्तर दोन बाइटांचं करा, पूर्णांक १०५ छापायला तिसरा अंक आणा, सगळा कोड उसवा. नाही परवडत. औटकी अठरापर्यंत ठेवली आहे: २५२ पाव, म्हणजे त्रेसष्ट. एकोणीस विचारायचे असतील तर वडिलांना विचारावं.