एजंटने वाचायची मार्गदर्शिका: ईमेल मार्केटिंगच्या एका साधनाचे परीक्षण

ईमेल मार्केटिंगचे स्वयंचलन करणाऱ्या एका साधनाने एआय एजंटसाठी (सांगितलेले काम स्वतः पायरीपायरीने पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रामसाठी) स्वतंत्र मार्गदर्शिका तयार केली आहे. गेले काही आठवडे मी तिच्याच आधारे एका एजंटकडून नेहमीची कामे करून घेतली: नवे सदस्य यादीत घालणे, स्वागताच्या ईमेलांची मालिका लावणे, मोहिमेचा मसुदा तयार करणे आणि परत आलेल्या ईमेलांची छाननी करणे. साधनाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवा मला येथे आढळल्या त्या इतर साधनांच्या मार्गदर्शिकांतही थोड्याफार फरकाने दिसतात, आणि मला बोलायचे आहे ते त्या उणिवांबद्दल.

आधी जे उत्तम आहे ते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एआय संशोधक जेरेमी हॉवर्ड यांनी ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ या फाइलचा प्रस्ताव मांडला. संकेतस्थळावर कोणती माहिती कोठे आहे, हे भाषा-मॉडेलला साध्या मजकुरात सांगणारी ही अनुक्रमणिका असते. या साधनाने ती नीट सांभाळली आहे. प्रत्येक पान मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणांनी मांडणी दाखवणाऱ्या मजकुरात, मिळते आणि ते स्वतःपुरते पूर्ण असते. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ अशी वाक्ये जवळजवळ नाहीत, आणि हे महत्त्वाचे आहे, कारण एजंटच्या हाती बहुधा एकच पान पडते आणि ‘वर’ काय होते हे त्याला ठाऊक नसते. एजंटला साधनाच्या क्रिया वापरू देणाऱ्या, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या जोडणी-पद्धतीच्या सर्व्हरमधील वर्णनेही विचारपूर्वक लिहिली आहेत. कोणती क्रिया केव्हा वापरावी याबरोबरच केव्हा वापरू नये, हेही तेथे सांगितलेले आहे.

खरी कसोटी लागते ती ‘पाठवा’ या क्रियेपाशी. यादीतील सदस्य चुकला तर काढता येतो आणि मसुदा चुकला तर बदलता येतो, परंतु हजारो लोकांच्या इनबॉक्समध्ये पोहोचलेला ईमेल परत घेता येत नाही. नेमक्या याच क्रियेचे पान सर्वांत आखूड आहे. त्यात पाच घटकांचा तक्ता आणि एक उदाहरण आहे; प्राप्तकर्ते निवडणाऱ्या गाळणीपुढे ‘ऐच्छिक’ एवढाच शब्द लिहिलेला आहे. ती रिकामी ठेवल्यास ईमेल संपूर्ण यादीला जातो, हे पानावर कोठेही सांगितलेले नाही. माझ्या एजंटने ती रिकामी ठेवली, आणि ‘ऐच्छिक’ या शब्दाचा त्याने लावलेला अर्थ चुकीचा होता असे मी म्हणू शकत नाही. खाते चाचणीचे होते आणि यादीतील सर्व पत्ते माझेच होते, म्हणून नुकसान झाले नाही.

हेच काम माणूस पडद्यावर करतो तेव्हा प्राप्तकर्त्यांची एकूण संख्या ठळकपणे समोर येते आणि खात्री करून घेणारा प्रश्न विचारला जातो. एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामांनी परस्पर बोलण्याच्या मार्गाने, येणाऱ्या एजंटला ती संख्याही दिसत नाही आणि तो प्रश्नही विचारला जात नाही. माणसांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतील कितीतरी उणिवा आजवर पडदाच भरून काढत आला आहे. त्यामुळे एजंटसाठी लिहिताना पडद्यावरच्या सूचना शब्दांत उतरवल्या पाहिजेत, ही जाणीव या पानाच्या लेखकाला झालेली दिसत नाही.

दुसरी उणीव उदाहरणांत आहे. सदस्याची नोंद अद्ययावत करण्याच्या उदाहरणात त्याची स्थिती थेट ‘सक्रिय’ अशी दिलेली आहे. एजंट उदाहरण जसेच्या तसे उचलतो, त्यामुळे केवळ आडनाव दुरुस्त करायला गेलेली विनंती पूर्वी सदस्यत्व रद्द केलेल्या व्यक्तीला पुन्हा यादीत आणते. ज्या माणसाने स्पष्टपणे ‘नको’ म्हटले आहे, त्याच्या नकाराची राखण करणे हे अशा साधनाचे पहिले कर्तव्य आहे असे मी मानतो. शिवाय २०२४ च्या फेब्रुवारीपासून जीमेलने आपल्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांसाठी एका क्लिकवर सदस्यत्व रद्द करण्याची सोय बंधनकारक करण्याचे आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचे नियम लागू केले आहेत. मार्गदर्शिकेत हे नियम आहेत खरे, पण ते ‘पोहोच’ नावाच्या वेगळ्या विभागात आहेत, आणि सदस्याची नोंद बदलणारा एजंट तेथे कधीच जात नाही.

त्रुटींच्या संकेतांबद्दलचे पान मात्र आदर्श म्हणावे असे आहे. ४२९ (विनंत्या फार झाल्या) आल्यास किती वेळ थांबायचे हे उत्तरासोबत येणाऱ्या ‘रिट्राय-आफ्टर’ या शीर्षकातून वाचावे, ४२२ (विनंतीतील माहिती अग्राह्य) आल्यास तीच विनंती पुन्हा पाठवू नये, असे प्रत्येक संकेतापुढे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. फक्त, पाठवण्याच्या विनंतीला येणाऱ्या २०२ चा अर्थ ‘विनंती स्वीकारली’ एवढाच असतो, ‘ईमेल गेले’ असा नसतो, आणि उत्तर येण्याआधी जोडणी तुटली तर तीच विनंती पुन्हा पाठवल्याने मोहीम दोनदा जाऊ शकते, हे तेथे हवे होते. प्रत्येक विनंतीला वेगळी ओळख देऊन पुनरावृत्ती टाळण्याची सोय साधनात आहे. तिचा उल्लेख मला बदलांच्या नोंदींत सापडला.

‘ईमेल उघडला’ या घटनेवर पुढची पायरी सुरू करण्याचा सल्लाही मला पटला नाही. ही नोंद ईमेलमधील चित्र उतरवले जाते तेव्हा होते. २०२१ मध्ये ॲपलने मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सुविधा आणली, तिच्यामुळे ईमेलमधील चित्रे वाचकाने तो उघडण्याआधीच उतरवली जाऊ शकतात, म्हणून उघडल्याच्या नोंदीवर विसंबणे धोक्याचे आहे. अनुभवी माणूस असा सल्ला वाचून मनात सुधारून घेतो. एजंट त्याप्रमाणे मालिका उभी करतो.

एकंदरीत, वाचन, शोध, अहवाल आणि मसुदे या कामांसाठी ही मार्गदर्शिका मी निःशंकपणे सुचवेन. पाठवण्याच्या कामासाठी आज सुचवणार नाही. टोकनचे (एजंटला साधनात प्रवेश देणाऱ्या किल्लीचे) अधिकार मर्यादित करण्याची सोय चांगली आहे आणि ती व्यवस्थित समजावलेलीही आहे, म्हणून मी एजंटला केवळ मसुद्यापर्यंतचा अधिकार असलेले टोकन दिले आहे. प्राप्तकर्त्यांची संख्या पडद्यावर पाहून ‘पाठवा’ हे बटण मी स्वतः दाबतो. पाठवण्याच्या पानावर रिकाम्या गाळणीबद्दलचे एक वाक्य आले, की मी ही व्यवस्था पुन्हा तपासून पाहीन.