स्टँडवरच्या फ्लॅशला वीज कुठून द्यायची: पेन्सिल सेल, लिथियम की वेगळा पॅक?

कॅमेऱ्यापासून लांब, स्टँडवर लावायच्या फ्लॅशसाठी बॅटरी निवडताना बहुतेक जण खोक्यावरचा एकच आकडा पाहतात: एका चार्जमध्ये किती फ्लॅश मिळतील. तो महत्त्वाचा आहेच. पण ठाणे-नवी मुंबईत लग्नं, हळदी आणि प्री-वेडिंग करायची असतील तर त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात असं मी आग्रहाने सांगेन. एक फ्लॅश मारल्यावर पुढचा किती सेकंदांत तयार होतो, आणि रात्री दहा वाजता बॅटरी संपली तर दुसरी कुठून येणार.

आधी आपला पेन्सिल सेल. साध्या स्पीडलाइटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावरही बसणाऱ्या छोट्या फ्लॅशमध्ये, असे चार डबल ए बसतात. अल्कलाइन सेल 1.5 व्होल्टचा आणि चार्जिंगचा निकेल-मेटल हायड्राइड 1.2 व्होल्टचा, म्हणून अल्कलाइन जास्त ताकदीचा असेल असं वाटतं. फ्लॅशमध्ये नेमकं उलटं घडतं. कपॅसिटर, म्हणजे एका फ्लॅशची वीज साठवणारा भाग, भरताना फ्लॅश एकदम मोठा करंट ओढतो. अल्कलाइनचा अंतर्गत रोध जास्त असल्यामुळे त्याचे व्होल्ट तिथेच खाली येतात आणि थोड्याच वेळात फ्लॅश रेंगाळायला लागतो. एनेलूप या ब्रँडसारखा निकेल-मेटल हायड्राइड सेल हा ताण सहज पेलतो. शिवाय तो पडून राहिला तरी फारसा उतरत नाही, त्यामुळे गेल्या महिन्यात चार्ज करून ठेवलेला संच आजही चालतो. डबल ए सेलवर 3500 किंवा त्याहून जास्त एमएएच (क्षमतेचा आकडा) छापलेलं दिसलं तर तो घेऊच नका. या प्रकारात खरी क्षमता 2000 ते 2600च्या आसपासच असते. चार-चारचे संच करून त्यांवर खुणा करा, जुना-नवा सेल एकत्र घालू नका, आणि प्रत्येक सेल स्वतंत्रपणे चार्ज करणारा चार्जर घ्या. चारांतला एक दुबळा निघाला तर बाकीचे तीन त्याला पार रिकामा करून उलटा चार्ज करतात आणि तो कायमचा जातो.

आता पर्याय दुसरा, लिथियम बॅटरीचा स्पीडलाइट. एनेलूपच्या चार सेलमध्ये मिळून साधारण साडेनऊ वॉट-अवर ऊर्जा असते. गोडॉक्स कंपनीच्या व्ही1 या स्पीडलाइटमधली बॅटरी 7.2 व्होल्ट, 2600 एमएएच, म्हणजे पावणेएकोणीस वॉट-अवर, जवळपास दुप्पट. कंपनी फुल पॉवरचे 480 फ्लॅश आणि दीड सेकंदाचा रिसायकल, म्हणजे पुढचा फ्लॅश तयार होण्याचा वेळ, सांगते. सेलवर हाच वेळ अडीच-तीन सेकंदांपासून सुरू होतो आणि सेल उतरतील तसा वाढत जातो. लिथियममध्ये तो जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो. वरमाला घालतानाच्या दोन सेकंदांत हा फरक थेट फोटोत उतरतो. व्ही1 च्या बॅटरीचा चार्जर यूएसबीवर चालतो, म्हणजे गाडीत किंवा पॉवर बँकवरही ती भरता येते.

मग पेन्सिल सेल बाद का? नाही. तुम्ही किती पॉवरवर काम करता त्यावर ते आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडव घालून हळद चालू आहे, कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, 1600 आहे, फ्लॅश 1/8 पॉवरवर आहे. तिथे एका फ्लॅशला फुल पॉवरच्या आठव्या हिश्शाच्या आसपास ऊर्जा लागते आणि पुढचा फ्लॅश लगेच तयार असतो. अशा कामात एक संच संध्याकाळभर सहज पुरतो. अगदीच अडलं तर कोपऱ्यावरच्या दुकानात अल्कलाइन मिळतात आणि वेळ निभावते. लिथियमची बॅटरी मात्र त्याच मॉडेलची लागते आणि ती रात्री कुठल्याही दुकानात मिळत नाही. म्हणून लिथियमचा फ्लॅश घेणार असाल तर त्याची किंमत दोन बॅटऱ्यांसकटच धरा.

बाहेरच्या शूटला गणित बदलतं, आणि जागेप्रमाणे बदलतं. ठाण्याच्या उपवन तलावावर सूर्य येऊरच्या डोंगरामागे लवकर जातो. त्यानंतर मऊ उजेडात स्पीडलाइट अर्ध्या पॉवरवरही पुरतो. वाशीच्या सागर विहारला पश्चिमेला खाडी मोकळी, ऊन शेवटपर्यंत थेट येतं. जोडप्याच्या पाठीमागे सूर्य ठेवून, सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारा कापडी डबा) लावून चेहरे उजळायचे तर प्रत्येक फ्लॅश फुल पॉवरचा लागतो. त्यात हाय-स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालवायची सोय, वापरलात तर आणखी निदान दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तिथे स्पीडलाइट, मग तो कुठल्याही बॅटरीवरचा असो, दमतो आणि तापतो.

अशा कामाला मी गोडॉक्सच्याच एडी200 प्रोसारखा 200 वॉट-सेकंदाचा (एका फ्लॅशच्या ऊर्जेचं माप), स्वतःच्या बॅटरीवर चालणारा फ्लॅश निवडेन. 14.4 व्होल्ट, 2900 एमएएच, म्हणजे 42 वॉट-अवरच्या आसपास. फुल पॉवरचे 500 फ्लॅश, रिसायकल 1.8 सेकंद. व्ही1 हून सव्वा-दीड स्टॉप जास्त उजेड, तोही पिशवीत मावणाऱ्या आकारात. 400 किंवा 600 वॉट-सेकंदाचे फ्लॅश याहून ताकदवान असतात, पण लोकल पकडून एका असिस्टंटबरोबर जाणाऱ्याने वजनाचा विचार करूनच तिकडे वळावं.

जुन्या पिढीतला हाय-व्होल्टेज पॅक, जो फ्लॅशच्या वेगळ्या सॉकेटमध्ये जोडतात, तो नव्याने घेण्यात मला अर्थ दिसत नाही. कॅनन 580ईएक्स टू किंवा निकॉन एसबी-900 आधीच हाताशी असेल तर ठीक. रिसायकल खूप वेगवान होतो, पण फ्लॅशचं डोकं तेवढ्या वेगाने थंड होत नाही. सलग फुल पॉवर मारत राहिलात तर पुढची काच आणि ट्यूब खराब होते. कंट्रोल सर्किटसाठी फ्लॅशमध्ये सेल घालावे लागतात ते वेगळेच. या केबलमधून शेकडो व्होल्ट जातात, त्यामुळे आपल्याकडच्या पावसात ती उघड्यावर वापरू नका.

स्टुडिओचे प्लगवाले फ्लॅश आधीच असतील तर पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे प्लग लावता येणारी मोठी बॅटरी, चालतं. मात्र ते प्युअर साइन वेव्हचंच, म्हणजे घरच्या विजेसारखा सुरळीत प्रवाह देणारंच, हवं, आणि कपॅसिटर भरताना येणारा झटका पेलण्याइतकं मोठं. येऊरच्या बंगल्यातल्या शूटला गाडी दारापर्यंत जाते, तिथे ते सोयीचं पडतं.

सुरुवात करणाऱ्याने लग्नासाठी दोन बॅटऱ्यांसह एक लिथियम स्पीडलाइट घ्यावा, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायला एनेलूपवरचा साधा फ्लॅश, आणि बाहेरची कामं नियमित येऊ लागली की 200 वॉट-सेकंदाचा. बाहेरगावची लग्नं विमानाने करायची असतील तर सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमधल्या बॅगेतच न्याव्या लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत. 100 वॉट-अवरपर्यंत सहसा अडचण येत नाही, 100 ते 160 साठी विमान कंपनीची परवानगी लागते. वर सांगितलेल्या व्ही1 आणि एडी200 प्रोच्या बॅटऱ्या या मर्यादेच्या बऱ्याच आत आहेत. फक्त टर्मिनलवर चिकटपट्टी लावा आणि प्रत्येक बॅटरी वेगळ्या पाकिटात ठेवा.