पलाऊ सरकारच्या जहाजावरची नोकरी

मुरूड, श्रीवर्धन, दापोली या पट्ट्यातली पोरं पिढ्यान्पिढ्या जहाजावर जातात, म्हणून हे मुख्यतः त्यांच्या घरच्यांसाठी लिहितेय. बेलापूर-नेरुळकडची काही ऑफिसं सध्या पॅसिफिकमधल्या छोट्या छोट्या देशांच्या नावावर पैसे गोळा करतायत. देश खरे असतात, झेंडे खरे असतात, कधीकधी जहाजही खरं असतं. नोकरी तेवढी खोटी. आमच्या घरातून पलाऊच्या नावावर पावणेचार लाख गेले.

माझा धाकटा भाऊ जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा, कोर्स करून घरी बसला होता. सीडीसी, म्हणजे खलाशाचं सरकारी ओळखपुस्तक, हातात, बाकीची सर्टिफिकेटं पण झालेली, पण कंपनी मिळेना. 'शंभर टक्के प्लेसमेंट' सांगून फी घेतलेली इन्स्टिट्यूट फोन उचलेना. हे काही आमच्याच घरातलं नाही. कोर्स करून बाहेर पडणारी पोरं भरमसाट आणि पहिलं जहाज देणाऱ्या कंपन्या मोजक्या. एजंट लोकांचं दुकान याच अडचणीवर चालतं.

ऑफिस झकास होतं. काचेच्या कपाटात जहाजाचं मॉडेल, भिंतीवर जगाचा नकाशा, बाहेर बाकड्यावर फायली घेऊन बसलेली आठ-दहा पोरं. मालकाला सगळे 'कॅप्टन साहेब' म्हणायचे. ते कुठल्या जहाजावर कॅप्टन होते हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि विचारायची पद्धतही नव्हती.

"ताई, हा कुणी प्रायव्हेट मालक नाही. गव्हर्नमेंट आहे, पलाऊ गव्हर्नमेंट," त्यांनी नकाशावर फिलिपिन्सच्या उजवीकडे, निळ्या रंगात बोट टेकवलं. "साडेतीनशे बेटं आहेत. या बेटावरून त्या बेटावर जायचं तर जहाजच. आपल्याकडे एसटी, तसं तिकडे जहाज. माणसं पुरत नाहीत त्यांना. पगार साडेआठशे डॉलर. तीन वर्षं काढलीत की तिथलं नागरिकत्व. आणि पलाऊचा पासपोर्ट म्हणजे अमेरिकेला व्हिसा लागत नाही, हे तुम्ही कुठंही चेक करा."

ही शेवटची ओळ नीट बघा, कारण ती खरी आहे. पलाऊ १ ऑक्टोबर १९९४ला स्वतंत्र झाला तो अमेरिकेशी केलेल्या कराराच्या आधारावर. त्या करारानुसार पलाऊच्या नागरिकांना अमेरिकेत व्हिसाशिवाय राहता येतं, काम करता येतं. बदल्यात संरक्षण अमेरिकेकडे, आणि त्या भागातला लष्करी वावरही. म्हणजे आम्ही चेक केलं असतं तरी ते बरोबरच निघालं असतं. खोटं होतं ते आधीचं वाक्य. पलाऊच्या राज्यघटनेत नागरिकत्व वंशावर मिळतं: आई किंवा वडील, निदान एक जण तरी पलाऊचा पाहिजे. परक्या माणसानं तिथं तीन काय तीस वर्षं काढली तरी तो पलाऊचा नागरिक होत नाही. जमीनसुद्धा त्याला विकत घेता येत नाही. एवढ्याशा देशाचं बरोबरच आहे म्हणा, नाहीतर बाहेरच्यांनी तो केव्हाच विकत घेतला असता.

एसटीचं उदाहरण ऐकायला इतकं पटणारं होतं की आमच्या आईनंही मान डोलावली. पण नकाशा जवळून पाहिला की त्यातली हवा जाते. बेटं ३४०च्या आसपास आहेत हे खरं, पण वस्ती मोजक्याच बेटांवर. सगळ्या देशाची लोकसंख्या साधारण १८ हजार, आणि त्यातले साठ टक्क्यांहून जास्त लोक एकट्या कोरोरमध्ये. सगळ्यात मोठं बेट बाबेलदाओब. ते आणि कोरोर पुलानं जोडलेले आहेत. जुना पूल १९९६ साली कोसळला, मग जपाननं नवा बांधून दिला, तो २००२मध्ये सुरू झाला. बाबेलदाओबला वळसा घालणारा पक्का रस्ता अमेरिकेच्या पैशातून झालाय. बंदर ज्या मलाकल बेटावर आहे, तेही कोरोरला रस्त्यानं जोडलेलं. थोडक्यात, बहुतेक पलाऊवासी गाडीनं कामावर जातात. बोट लागते ती पेलेलिऊ, अंगाऊर, कायांगेल आणि दक्षिणेकडच्या दूरच्या बेटांना, जिथं माणसं शेकड्यात किंवा त्याहूनही कमी आहेत. त्यांच्यासाठी मुंबईतून खलाशांची भरती कोण करणार?

मग एवढा देश चालतो कशावर, हा पुढचा प्रश्न. पर्यटन हा पहिला आधार: रॉक आयलंड्स नावाची हिरवी बेटं, प्रवाळ, जेलीफिशचं तळं, स्कूबा डायव्हिंग. दुसरा अमेरिकेची मदत. २०२४मध्ये करार पुढे वाढवला तेव्हा २० वर्षांसाठी ८८.९ कोटी डॉलर मंजूर झाले. तिसरा परक्या बोटींकडून मिळणारी मासेमारीची फी. पण १ जानेवारी २०२०पासून त्यांनी आपल्या सागरी हद्दीचा ८० टक्के भाग मासेमारीला बंद केलाय. म्हणजे 'सरकारी मच्छीमार ताफा' सांगणाराही खोटंच बोलतोय. नौदल तर नाहीच. गस्तीला ऑस्ट्रेलिया आणि जपाननं दिलेल्या बोटी आहेत. परदेशी कामगार तिथं भरपूर आहेत, फिलिपिनो सगळ्यात जास्त, बांगलादेशीही आहेत. पण ते हॉटेलात, बांधकामावर, घरकामाला.

हे सगळं मी भाऊ अडकल्यावर, रात्री जागून वाचलं. वाचताना एक गोष्ट मला भलतीच आवडली, विषयाला सोडून आहे तरी सांगते: तिथं कुळाचा प्रमुख पुरुष असतो, पण तो कोण असावा हे कुळातल्या ज्येष्ठ बायका ठरवतात, आणि वंशही आईकडून मोजतात.

आता जॉइनिंग लेटर. ते अजून माझ्याकडे आहे. जाड, किंचित पिवळसर कागद, वर निळ्या पार्श्वभूमीवर पिवळा गोल, म्हणजे पलाऊचा झेंडा, बरोब्बर छापलेला. त्याखाली 'पलाऊ सरकार, पंतप्रधान कार्यालय, राजधानी कोरोर'. पगार 'पलाऊ डॉलर ८५०'. गोल शिक्का इतका जोरात मारलेला की मागून हात फिरवला तर बोटाला लागतो. अर्ध्या पानात तीन घोडचुका. पलाऊला पंतप्रधान नाही, थेट निवडून येणारा राष्ट्राध्यक्ष आहे. सध्या सुरांगेल व्हिप्स ज्युनियर. २०२१मध्ये आले, २०२४मध्ये पुन्हा निवडून आले. राजधानी २००६मध्येच कोरोरहून बाबेलदाओबवरच्या न्गेरुलमुडला गेली. आणि पलाऊला स्वतःचं चलन नाही, तिथं अमेरिकन डॉलरच चालतो. पत्र बनवणाऱ्यानं झेंड्यावर मेहनत घेतली, देशावर नाही. १८ हजारांच्या देशात १६ राज्यं, प्रत्येकाला गव्हर्नर, दोन सभागृहांची संसद, असा सगळा सविस्तर कारभार आहे. ते सगळं उघड माहितीत आहे आणि शोधायला दहा मिनिटं लागतात. पण जहाजाच्या जॉइनिंगसाठी देशाचा नागरिकशास्त्राचा धडा कोण वाचतो, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

दीड लाख आधी दिले होते. लेटर दाखवल्यावर उरलेले मागितले: काही रोख, काही एका बाईच्या सेव्हिंग खात्यावर. कंपनीच्या खात्यावर एक रुपया घेतला नाही. आईच्या पाटल्या गहाण पडल्या त्या या दुसऱ्या हप्त्याला.

तिकीट आलं ते पलाऊचं नाही, दुबईचं. व्हिजिट व्हिसा. "जहाज तिकडे लागलंय, तिथून जॉइन. एअरपोर्टवर विचारलं तर फिरायला चाललोय म्हणायचं, जहाजाचं नाव काढायचं नाही." ही सूचना म्हणजे सगळ्या प्रकाराची किल्ली आहे. रीतसर जाणाऱ्या खलाशाची नोंद डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाजांचा कारभार बघणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याच्या, यंत्रणेत असते आणि तो खलाशी म्हणूनच इमिग्रेशनमधून जातो. ज्याच्याकडे लायसन्स नाही तो एजंट ही नोंद करू शकत नाही, म्हणून पोरं पर्यटक बनून जातात. आणि मग पुढे काही झालं की सरकारी कागदावर तुमचा मुलगा जहाजावर चढलेलाच नसतो. त्याचा समुद्रावरचा काळही पुढच्या परीक्षांसाठी धरला जात नाही.

शारजाजवळ नांगरलेल्या एका छोट्या, गंजक्या टँकरवर त्याला चढवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं फोटो पाठवला. जहाजाची मागची बाजू, काळ्या रंगावर पांढरी अक्षरं, जहाजाचं नाव आणि खाली 'मलाकल हार्बर'. सोबत मेसेज: "ताई, पलाऊचंच आहे!"

होतंच. पण फक्त कागदावर. पलाऊ परदेशी मालकांच्या जहाजांना आपला झेंडा देतो आणि त्याची फी घेतो. अशा जहाजांचं नोंदणी बंदर मलाकल, म्हणून ते नाव मागे रंगवायचं. मालक कुठला तरी, मॅनेजर तिसऱ्याच देशातला, आणि जहाजानं पलाऊ कधी पाहिलेला नसतो. नोंदणीचं कामसुद्धा मुख्यतः ग्रीसमधल्या पिरेअसहून चालतं. हा धंदा बेकायदा नाही, आणि पलाऊ एकटा नाही. मार्शल आयलंड्स, लोकसंख्या ४० हजारांच्या घरात, पण टनेजच्या, म्हणजे जहाजांच्या एकूण आकारमानाच्या, हिशेबात जगातल्या पहिल्या तीन झेंड्यांमध्ये. त्यांची नोंदणी अमेरिकेतल्या व्हर्जिनियाहून चालते. त्या झेंड्याखाली आपली कितीतरी मराठी पोरं चांगल्या कंपन्यांत, वेळेवर पगार घेऊन काम करतात. तेव्हा झेंडा बघून घाबरायचं कारण नाही. झेंडा म्हणजे सरकार असं मात्र समजायचं नाही. पलाऊचा झेंडा लावलेलं जहाज पलाऊ सरकारचं नसतं, आणि त्यावरचा खलाशी पलाऊचा सरकारी नोकर नसतो. कॅप्टन साहेबांनी पावणेचार लाख घेतले ते या फरकाचे.

जहाजावरचं फार लांबवत नाही. पासपोर्ट चढतानाच काढून घेतला. पगार मागितला की "तू ट्रेनी आहेस, एजंटला विचार". जेवण म्हणजे भात आणि पातळ डाळ, पिण्याच्या पाण्याला डिझेलचा वास. सोबतचे दोघं उत्तर प्रदेशातले, एक म्यानमारचा, सगळे असेच पैसे भरून आलेले. जहाज माल घेऊन कुठं गेलंच नाही. एजंटनं आधी "मालक बदलतोय" सांगितलं, मग फोन बंद. मालकानं पगार थकवून जहाज आणि खलाशी वाऱ्यावर सोडले तर त्याला 'अबॅन्डनमेंट' म्हणतात. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ, म्हणजे आयटीएफ, याची मोजदाद ठेवतो. त्यांच्या हिशेबात २०२४मध्ये अशी ३१२ जहाजं आणि ३ हजारांहून जास्त खलाशी होते, आणि त्यांत सगळ्यात जास्त भारतीय.

भाऊ परत आला तो आयटीएफला केलेल्या मेलमुळे आणि वकिलातीच्या मदतीनं. पगाराचा एक डॉलरही नाही, व्हिसा संपल्यावर जास्त राहिल्याचा दंड मात्र होता. तो सुखरूप आला यावर घरात कुणी पुढे बोलत नाही.

आता कामाचं. जहाजावर भरती करणाऱ्या एजंटकडे डीजी शिपिंगचं आरपीएसएल लायसन्स, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना, असावा लागतो. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं बघून थांबू नका, तो नंबर डीजी शिपिंगच्या वेबसाइटवरच्या यादीत घाला. नाव, पत्ता, लायसन्सची मुदत, तिन्ही जुळलं पाहिजे. आमच्या भिंतीवरचा नंबर खरा होता, पण दुसऱ्याच कंपनीचा. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला नियमानं बंदी आहे, लायसन्स असलेल्यालाही. त्यामुळे 'सर्व्हिस चार्ज' हा शब्द निघाला की चप्पल घालायची. जहाजाचं नाव बदलतं, पण सात आकडी आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, जन्मभर तोच राहतो. तो मागा आणि इक्वासिस नावाच्या फुकट साइटवर टाका: मालक, झेंडा, वय, आधीची नावं, बंदरात कधी अडकवलं होतं, सगळं दिसतं. आमच्या जहाजानं किती नावं बदलली होती ते बघून भाऊच हसला. आणि देशाचं नाव सांगितलं तर त्या देशात आपला दूतावास आहे का ते विचारा. पलाऊत नाही, तिथलं काम मनिलाचा दूतावास बघतो. एवढ्या एका मेलवर ते लेटर उघडं पडतं.

फसवणुकीची तक्रार पोलिसांत दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली. सोबत डीजी शिपिंगकडेही लेखी दिलंय. पोलिसांनी आधी "पैसे देवाणघेवाणीचा दिवाणी मामला" म्हणून परत पाठवलं होतं. बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲप मेसेज आणि ते लेटर एकत्र समोर ठेवल्यावर नोंद झाली. म्हणून रोख देऊ नका, आणि दिलीच तर चॅटवर "आज इतके दिले" एवढं तरी लिहून समोरच्याचं उत्तर घ्या. त्या बाईच्या खात्यात गेलेल्या पैशांपैकी थोडे गोठवलेत. बाकीचे कधी, ते सांगता येत नाही.

कॅप्टन साहेबांच्या ऑफिसची पाटी बदललीय, मजला तोच. भावाच्या बॅचमधल्या एकाला मागच्याच आठवड्यात तिथून फोन आला: आता तुवालू गव्हर्नमेंट, पगार नऊशे डॉलर, सीट थोड्याच. नऊ बेटांचा देश, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. फुनाफुतीजवळ अमातुकू नावाच्या बेटावर तुवालूची स्वतःची खलाशी घडवणारी शाळा आहे. तिथली पोरं शिकून बाहेर पडतात आणि परदेशी जहाजांवर नोकऱ्या शोधतात.